तीन मिनिटांची साक्ष

११ जून

भोंगा,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनही मुद्दाम केला नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकून घेते, हे वसतिगृहाच्या खोली नंबर सातपासून चालत आलंय. तुझं नाव भोंगा उगाच नव्हतं पडलं. कागदावर तरी मला कोणी मध्येच तोडत नाही.

शनिवारची ऑनलाइन सभा मी पूर्ण ऐकली. वॉर्डातल्या चादरींच्या कपाटामागे माझं टेबल आहे, तिथे कानात वायर घालून बसले होते. ‘संकटकाळातील विश्वास’, पडद्यावर आपल्या धर्मशिक्षणाच्या सेमिनरीच्या माजी विद्यार्थ्यांच्या एकशे चाळीस चौकटी, त्यातल्या निम्म्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. घड्याळमास्तरांचा एकच कान दिसत होता. नव्वदी ओलांडली तरी साक्षीची तीन मिनिटं भरली की वाजवायची ती घंटा टेबलावर आहेच! आणि तू सूत्रसंचालक. ‘एका बहिणीच्या वॉर्डातली साक्ष सांगते’ म्हणालीस तेव्हा मला वाटलं, माझ्याबद्दल चार शब्द बरे बोलणार. मी पदर वगैरे सारखा केला.

मग तू सुरुवात केलीस. वॉर्ड नंबर चार, भेटायला कोणाला परवानगी नाही, एक बस कंडक्टर, जुळ्या मुलींचा बाप. श्वास पुरत नाही, पण चेहऱ्यावर शांती. आपल्या प्रार्थनेतलं संध्याकाळचं गाणं म्हणतोय. खिडकीकडे बघून म्हणतोय, ‘प्रभू, मी येतो.’ आणि गेला. बरोब्बर तीन मिनिटांत. अंधार, वळण, उजेड, मास्तरांनी शिकवलं तस्संच. घंटा वाजली, एकशे चाळीस जणांनी डोळे पुसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अगं, तो माणूस गायला नाही! तो घाबरला होता. मी प्रार्थना करायला लागले तर म्हणाला, “देव बहिरा आहे, आणि तुम्ही वर हळू आवाजात बोलताय.” हे सगळं मी तुला तेव्हाच पत्रात जसंच्या तसं लिहिलं होतं. त्याला तू असा मीठमसाला लावलास? शिवाय वॉर्डाचा नंबर, त्याचं काम, जुळ्या मुली, सगळं सांगून टाकलंस. उरलं काय? सेमिनरीने ती चित्रफीत सगळीकडे पाठवली. जिने बघू नये तिने ती बघितली.

सोमवारी सकाळी त्याची बायको माझ्या टेबलापुढे उभी राहिली. शिवणकाम करते, गळ्यात मोजपट्टी तशीच. रडत नव्हती. हातात एक चष्मा होता. म्हणाली, “ताई, हा चष्मा दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून यांच्या सामानात आला. हा यांचा नाही. तेव्हा मी मनाला समजावलं, गडबडीत झालं असेल. आता ही बाई म्हणते, ते गाणं म्हणत गेले. आमच्या ह्यांनी आयुष्यात गाणं म्हटलेलं नाही. देवाचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. मग वॉर्ड चारमध्ये गायला तो कोण? आणि मी मातीत ठेवलं ते कोणाला?”

कळतंय का तुला? साथीच्या त्या काळात मृतदेह बांधून मिळायचे, तोंड बघायची परवानगी नव्हती. पालिकेत ती कबर उघडण्याचा अर्ज करून आली आहे. मुलींना घेऊन दर रविवारी तिथे जायची, या रविवारी गेली नाही. ‘परक्या माणसाला फुलं कशाला’ म्हणते.

ती चित्रफीत आजच्या आज काढून टाक. आणि सभेपुढे सांग की तू थाप मारलीस.

टाचणी


१७ जून

टाचणी,

मीही ‘प्रिय’ लिहीत नाही. फिट्टंफाट.

चित्रफीत काढा म्हणून मी गुरुवारीच समितीला फोन केला होता. अध्यक्ष म्हणाले, “इतक्या लोकांना त्यातून बळ मिळालं, एका बाईच्या गैरसमजासाठी ती काढायची?” मी म्हटलं, एका बाईचा नवरा आहे तो. ते म्हणाले, “आपण विषय तपासून घेऊ.” तपासून घेऊ म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. म्हणजे त्या बाजूला मी हात झटकून बसलेले नाही, हे आधी ऐकून घे.

आता तुझ्या बाजूचं. थाप मी मारली? जसंच्या तसं लिहिलं होतंस? तुझी पत्रं मी बुटांच्या खोक्यात ठेवते, तू माझी कुठे ठेवतेस देव जाणे. सोबत तुझ्याच त्या पत्राची प्रत जोडते आहे. तिसरा परिच्छेद वाच. इथेही उतरवते, म्हणजे टाळता येणार नाही:

‘सुरुवातीला तो फार तळमळत होता. मग मी आपलं संध्याकाळचं गाणं सुरू केलं. हळूहळू त्याचेही ओठ हलू लागले. दुसऱ्या कडव्याला तो माझ्याबरोबर म्हणत होता. शांतपणे गेला. भोंगा, मला त्या दिवशी उजेड दिसला.’

अक्षर तुझं आहे. त्या पत्रात बहिरा देव कुठेच नाही. तुझं पत्र अंधार, वळण, उजेड असंच आहे. मास्तरांची घंटा तेवढी वाजायची राहिली. मी त्यात माझं घातलं ते एकच वाक्य, ‘प्रभू, मी येतो.’ ते नव्हतं घालायला हवं. बोलता बोलता तोंडून गेलं, आणि शेवट जमल्यासारखा वाटला. ती माझी चूक. वॉर्डाचा नंबर आणि मुलींचा उल्लेखही माझी चूक. पण गाणं? गाणं तू दिलंस मला.

आणि एक विचारते. त्या बाईला तेव्हा फोन कोणी केला होता? काय सांगितलं होतं?

भोंगा


२६ जून

भोंगा,

नऊ दिवस उत्तर लिहिलं नाही. तुझ्या प्रतीची घडी घालून मी ती ॲप्रनच्या खिशात ठेवली होती. हात पुसायला खिशात हात घातला की लागायची.

अक्षर माझंच आहे. शपथेवर सांगते, मला आठवत नव्हतं. दोन वर्षं मी मनात समजत होते की तुला खरं ते लिहिलं. खरं मी कोणालाच लिहिलं नव्हतं.

फोन मी केला होता. वॉर्डाच्या दारात गेलेल्यांच्या घरी कळवायची यादी असायची, त्या दिवशी सात घरं होती. सहा घरांना ‘शांतपणे गेले’ सांगून झालं होतं, सातव्या घरी तिलाही तेच सांगितलं. ती पलीकडून म्हणाली होती, “हे? आणि शांतपणे?” मी म्हटलं, “हो वहिनी, प्रार्थना चालू होती.” प्रार्थना चालू नव्हती. तेव्हाच तिला संशय आला असणार. तुझ्यावर तोंड सोडलं मी, आणि काडी मीच लावलेली! स्वतःचाच इतका संताप झालाय की आरशाकडे बघून केस विंचरत नाही.

आता ऐक, काय झालं होतं ते. दुपारचे तीन वाजले असतील. त्याने मला प्रार्थनेपासून हाकललं. “जा तुम्ही. नाहीतर बसा, पण देवाचं काही बोलू नका.” मी बसले. श्वास तुटत होता, हात बर्फासारखा, डोळे भिरभिरत होते. मी विचारलं, काय बोलू मग? तर म्हणाला, “थांबे.” त्याच्या बसमार्गाचे थांबे. त्याने म्हणायचं, मी मागून म्हणायचं. पाण्याची टाकी. जुनी गिरणी. मुलींची शाळा. प्रत्येक थांब्यानंतर पलंगाच्या लोखंडी दांडीवर नखाने दोनदा टकटक. मी एकदा गिरणी आधी म्हटली तर त्या अवस्थेतही चिडला, “अहो, माणसं कुठे उतरवाल भलतीकडे!” अशा आम्ही चार फेऱ्या केल्या. भीती गेली नाही त्याची. पण फेरी चालू असेपर्यंत त्याला धरायला काहीतरी होतं. पाचव्या फेरीत मध्येच थांबला.

हे मी कसं लिहिणार होते? चार वर्षं सेमिनरी, बावीस वर्षं या रुग्णालयात प्रार्थनासेविका, आणि एका माणसाच्या शेवटच्या तासाला मी बसचे थांबे म्हणत बसले. लाज वाटली. वाटलं, मास्तरांनी ऐकलं तर विचारतील, यात उजेड कुठे आहे? म्हणून मी तुझ्यासाठी गाणं घातलं. आपल्याला शिकवलंच ते, जी साक्ष उजेडात संपत नाही ती साक्षच नव्हे! कोणी ठरवलं हे? मरणाऱ्या माणसाला विचारलं होतं?

तिच्या अर्जावर दहा तारखेला निर्णय आहे. परवानगी मिळाली तर मुली ते सगळं बघणार. अकरा वर्षांच्या आहेत. मला माहीत आहे मी जायला हवं. पण काय तोंडाने जाऊ? एकदा खोटं बोललेल्या बाईचं ती दुसऱ्यांदा का ऐकेल?

टाचणी


२९ जून

टाचणी,

आधी जा. मग रड.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी गेला, हे तुला माहीत आहे. पण शेवटच्या दिवशी मी त्याला फोनवरून काय सांगितलं, ते माहीत नाही. तुझ्या कंडक्टरची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, तो गाणं म्हणत गेला, तूही घाबरू नकोस. तो काही बोलला नाही. मी दोन वर्षं समजत होते की त्याला धीर आला. आता वाटतं, त्याला स्वतःची लाज वाटली असेल. एका परक्या माणसाला जमलं आणि आपल्याला भीती वाटतेय, म्हणून गप्प राहिला असेल. त्याला बोलायचं असेल आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

तुझ्यावर किती राग आहे हे सांगून मी आता कागद वाया घालवत नाही. राग आहे. माझ्यावरही आहे. पण माझा भाऊ परत येणार नाही आणि त्या बाईचा अर्ज अजून कागदावरच आहे. उद्याच्या उद्या जा. सगळं सांग. तिने दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांग.

समितीशी मी बघते.

भोंगा


५ जुलै

प्रिय भोंगा,

गेले होते. काल, सुट्टी टाकून.

तिची खोली रस्त्यालगत आहे. मशीन खिडकीत, कपड्यांचा ढीग, भिंतीला मुलींच्या शाळेची दोन सारखी दप्तरं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मशीन चालवायला लागली. मी म्हटलं, वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मशीन थांबलं नाही. मी म्हटलं, ते शांतपणे गेले नाहीत. मशीन थांबलं.

मग मी सगळं सांगितलं. घाबरले होते, हे सांगितलं. देव बहिरा आहे म्हणाले, हे सांगितलं. चष्म्याचंही सांगितलं. त्यांचा चष्मा रुग्णवाहिकेतच हरवला होता, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गुरुजींनी आपला काढून दिला, मुलींचा फोटो बघायला. सामान बांधताना तो कोणाचा ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ती म्हणाली, “हे तुम्ही आत्ता रचलं नाही कशावरून?” तिचं बरोबरच होतं. तिचा आवाज चढला. “दोन वर्षं मला गोड गोड सांगितलंत. तुम्हाला काय वाटलं, मला खरं झेपणार नाही? मी त्या माणसाबरोबर चौदा वर्षं राहिले. घाबरला असेल तर माझ्यासाठी घाबरला असेल, मुलींसाठी घाबरला असेल. ते माझं होतं. तुम्ही ते कचऱ्यात टाकलंत आणि मला गाणं पाठवलंत!”

मग मी थांबे म्हणायला लागले. खुर्चीच्या दांड्यावर टकटक करत. पाण्याची टाकी, टकटक. जुनी गिरणी, टकटक. मुलींची शाळा, टकटक. ती ऐकत होती, पण चेहरा तसाच. हे थांबे काय, पाटीवर लिहिलेले असतात. दवाखाना, टकटक. निळं दार.

तिने हात वर केला. “काय म्हणालात?”

“निळं दार. दवाखान्यानंतर.”

“त्या मार्गावर निळं दार नावाचा थांबा नाही.”

मी म्हटलं, वहिनी, मला तो रस्ता माहीत नाही. पाचही फेऱ्यांत ते हेच म्हणाले. पोस्टाच्या आधी निळं दार.

ती उठली आणि तिने खोलीचं दार पूर्ण आत उघडलं, बाहेरची बाजू मला दिसेल असं. आता त्याला पिवळा रंग आहे. कडेला पोपडा निघालाय, त्याखाली निळा. लग्नाआधी ती याच दारात, तेव्हा ते तिचं माहेर, शिवण घेऊन बसायची, आणि हा कंडक्टर थांबा नसताना रोज बस थांबवायचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. लग्नानंतरही त्याने ते सोडलं नाही. हे त्या दोघांना आणि एका ड्रायव्हरला माहीत. चौथ्या माणसाला कळायचं कारण नव्हतं.

मग तिने विचारलं, “शेवटच्या फेरीत कुठपर्यंत आले होते?”

“इथपर्यंतच. निळं दार म्हणाले आणि टकटक केली. पण या वेळी एकदाच. मला वाटलं, दुसऱ्यांदा हात उचलायची ताकद राहिली नसेल.”

“तसं नाही ताई,” ती म्हणाली. “दोन घंटा म्हणजे चला. एक म्हणजे थांबा, उतरायचंय.”

आम्ही दोघी रडलो. मग तिने मला जायला सांगितलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

टाचणी


१४ जुलै

सभेच्या बाईंना,

तुमचा पत्ता ताईंनी दिला. मी यांची बायको. तुम्ही ज्यांची गोष्ट सांगितली, त्यांची.

पालिकेतला अर्ज मी नऊ तारखेला मागे घेतला. रविवारी मुलींना घेऊन कबरीवर गेले होते. तिथे तेच आहेत. चष्मा त्या गुरुजींच्या घरी पोचवायला ताईंना दिला आहे.

ताई म्हणाल्या, तुम्ही चित्रफितीसाठी तुमच्या समितीशी भांडलात, ती काढायला लावलीत, आणि येत्या शनिवारी तुम्ही सगळ्यांपुढे चूक सांगणार आहात. घंटा वाजली तरी थांबणार नाही म्हणालात. चांगलं आहे. पण माझा राग गेलेला नाही, म्हणून काय सांगायचं ते मीच कळवते. पुन्हा तुमच्या मनाचं काही नको.

ते घाबरले होते, हे सांगा. देव बहिरा आहे म्हणाले, तेही सांगा, गाळू नका. तुमच्या लोकांना वाईट वाटलं तर वाटू दे, मला दोन वर्षं वाटलं. एक अनोळखी बाई त्यांच्याजवळ बसली आणि त्यांनी सांगितलं तेच मागून म्हणत राहिली, हे जरूर सांगा. ताईंना त्याची लाज का वाटली मला समजत नाही. मी तिथे असते तर मीही तेच केलं असतं. निळ्या दाराचं मात्र बोलू नका. ते घरचं आहे.

तुमचे भाऊ गेल्याचं ताईंकडून कळलं. ते फोनवर गप्प राहिले म्हणून तुम्ही स्वतःला खाता आहात म्हणे. ते शेवटपर्यंत फोन कानाला धरून होते ना? मग राहू द्या.

आणि तुम्ही ते ‘मी येतो’ यांच्या तोंडी घातलंत, ते सगळ्यात आधी मागे घ्या. रोज सकाळी ड्युटीवर निघताना हे ‘जातो’ म्हणायचे. मी रोज ओरडायचे, जातो म्हणू नये, येतो म्हणावं. हे हसायचे आणि पुन्हा ‘जातो’ म्हणून निघायचे. रुग्णवाहिकेत चढतानासुद्धा तेच म्हणाले. चौदा वर्षांत मला एकदाही ‘येतो’ म्हटलं नाही. आणि तुम्ही त्यांना ते दुसऱ्याच कोणाला म्हणायला लावलंत!